कोवळी काजळी

७ नोव्हेंबर

काजळीतज्ज्ञ महाशय,

'प्रिय' लिहिणार होते. पण आगीच्या विम्याचे दावे तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे पुरावा हाताशी नसलेलं काही कागदावर उतरवायला हात धजत नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू गप्प बसतोस. म्हणून पत्र.

सरळ विचारते. गेल्या दोन-तीन आठवड्यांत, मी ऑफिसात असताना, तू या घरात येऊन गेलास का?

लगेच 'नाही' लिहू नकोस. आधी ऐक. स्वयंपाकघरातून आईंच्या खोलीकडे जाणाऱ्या पॅसेजच्या भिंतीवर काळे डाग पडलेत. बोटांचे. पुसले की चार दिवसांनी परत हजर. मळाचे नाहीत. मळ आणि काजळी यांतला फरक मला कळतो, त्याचाच मला पगार मिळतो. मग मी घर झाडून शोधलं. चमच्यांच्या डब्यात तळाशी स्टीलचा एक मोठा चमचा सापडला, पाठीकडून काळा. धुतलेला होता, पण घाईने. कडेला काळी कोर राहून गेली होती.

ज्योतीत चमचा धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. त्याच्याशी मी लग्न केलं होतं.

आठवतंय ना? आपल्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी व्याख्यान मिळायचं. तू शेगडी पेटवायचास, निळ्या ज्योतीत चमचा धरायचास आणि जादूगारासारखा उलटा करून दाखवायचास, काही नाही. मग हवेची भोकं बोटभर चिंधीने दाबायचास, ज्योत पिवळी व्हायची, आणि चमचा काळा. "हा पिवळा रंग ज्योतीचा नाही बरं का मावशी. ही काजळी आहे, तापून चमकणारी. आपण ज्याला उजेड म्हणतो ती जळायची राहिलेली काजळी." माझी मावशी शेवटी म्हणाली होती, "जावईबापू, चहा तेवढा जळायच्या आत आणा."

तर मुद्दा असा. फ्लॅट जानेवारीत विकायचा, आणि आई तुझ्याकडे येणार की माझ्याबरोबर माझ्या नव्या जागेत, हे त्यांनी डिसेंबरअखेर स्वतः सांगायचं, असं आपलं ठरलं आहे. तोवर दोघांपैकी कुणीही त्यांना फूस लावायची नाही, हेही ठरलं आहे. आपल्या लग्नातला भांडण न होता ठरलेला बहुधा हा एकमेव मुद्दा. आणि आता तू दुपारी गुपचूप येऊन, जुन्या गमती करून दाखवून, आईंना पाघळवतोयस असा मला दाट संशय आहे. मी विचारलं की त्या फक्त 'बघू' म्हणतात. पूर्वी असं म्हणत नसत. पूर्वी त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, माझ्या केसांवरसुद्धा.

एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. नवरा सोडणं मला जमलं. सासू सोडणं जमत नाही. त्यांना नेऊ नकोस.

उत्तराच्या अपेक्षेत, म्हणजे खरं तर खोट्या उत्तराच्या अपेक्षेत,

मी


१६ नोव्हेंबर

महाशय,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार. "मी आलो नाही. डाग जमिनीपासून किती उंचीवर आहेत?"

एक धंद्याची गोष्ट सांगते. ज्याचं दुकान खरंच जळलंय तो माणूस मला बघून विचारतो, "असं कसं झालं हो?" ज्याने स्वतः जाळलंय तो विचारतो, "कुठपर्यंत जळलंय?" तुझा प्रश्न दुसऱ्या प्रकारात मोडतो.

तरी उत्तर देते, नाहीतर म्हणशील माहिती दडवली. डाग माझ्या कोपराच्या जरा वर आहेत. तू पोक काढून, हात पुढे घेऊन चालतोस, भिंतीला धरून चपला काढतोस. जुळतं.

मी दाराचं कुलूप बदललं. एक किल्ली माझ्याकडे, एक आईंकडे. चौथ्या दिवशी दिव्याच्या बटणाखाली ताजा डाग. म्हणजे तुला किल्ली लागत नाही, तुझ्यासाठी दार आतून उघडतं. तुझी आणि आईंची ही युती मला कुलपापेक्षा जास्त लागली.

मग मी समोरच्या वहिनींना गाठलं. त्यांच्या दाराला जे बघायचं भोक आहे, त्याची काच आतून डोळ्याने झिजली असावी.

"दुपारी कुणी येतं का हो आमच्याकडे?"

"मी कशाला लोकांच्या दाराकडे बघू," वहिनी म्हणाल्या. "उंच आहेत. चष्मा आहे. खांद्याला पिशवी. जेवणं आटोपली की येतात आणि चहाच्या वेळेपर्यंत जातात. चपला बाहेर काढत नाहीत, आत नेतात. मला काय करायचंय."

"केस कसे आहेत?"

"टोपी असते. आता टोपी उचलून बघू का?"

उंच, चष्मा, पिशवी. टोपी नवी आहे, पण तुझं टक्कल शेवटी पाहिलं तेव्हाच टोपीच्या बेतात होतं.

संध्याकाळी आईंना विचारलं, "दुपारी कोण येतं?"

"दुपारी मी झोपते."

"झोपेत कुणी येतं का?"

"स्वप्नात तुझे सासरे येतात. त्यांनाही आता बंदी आहे का?"

बघ, किती तयारीचं उत्तर आहे. हे तू शिकवलंस असं मी म्हणत नाही, तुला इतकं चांगलं सुचत नाही. पण लपवाछपवी आहे. तब्येतीचं म्हणशील तर ठणठणीत. काल पाणीपुरवठ्याच्या बातमीवरून माझ्याशी तासभर वाद घातला. मी पेपर उघडलाही नव्हता आणि त्यांना आतल्या पानावरचा मजकूर पाठ. फक्त दूध दोनदा उतू गेलं. त्याचं खापरही मी तुझ्यावर फोडते. मुलगा समोर बसल्यावर कुठल्या आईचं लक्ष दुधाकडे राहतं?

मी


२५ नोव्हेंबर

महाशय,

"मी इथून हललेलो नाही, प्रयोगशाळेत कुणालाही विचार," असं तू लिहितोस. तुझ्या प्रयोगशाळेतल्या माणसांना मी ओळखते. एकदा शेजारच्या खोलीला आग लागली होती, ती त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळली.

तेव्हा पुरावाच पाठवते. सोबत चिकटपट्टीचे तीन तुकडे आहेत, काचेच्या पट्ट्यांवर डकवलेले. पहिला पॅसेजच्या भिंतीवरचा, दुसरा बटणाखालचा, तिसरा चमच्याच्या पाठीवरचा. चमचा आता रोज कुठे ठेवला जातो हे मी शोधून काढलंय, आणि न धुतलेला हाती लागावा म्हणून सकाळी लवकर उठले. आपल्या संसारासाठी मी एवढ्या लवकर कधी उठले नव्हते.

तू स्वतः तपास. आरोपीलाच पंच नेमते आहे, कारण तुझ्याबद्दल माझे हजार आक्षेप असले तरी काजळीशी तू खोटं वागणार नाहीस, एवढं मला माहीत आहे. आपली ओळखच त्यावर झाली. ते जळालेलं गोदाम आठव. मालक छाती पिटत होता, फळ्या डब्यांनी भरलेल्या होत्या म्हणून. मी त्याचं बोलणं लिहून घेत होते, आणि तू, विमा कंपनीने बोलावलेला एक किडकिडीत तज्ज्ञ, फळीकडे बघून म्हणालास, "डबे होते तर डब्यांच्या बुडाखाली फळी पांढरी राहायला हवी. ही सगळीकडे सारखीच काळी आहे. इथे काहीच नव्हतं." मालकाचं रडणं बसल्या जागी थांबलं. मी मनात म्हटलं, हा माणूस कुणाच्या रडण्याने हलत नाही. तेव्हा तो मला गुण वाटला.

तर सांग. ही काजळी कुठली, कशाची, कुणाची.

डिसेंबर जवळ आलाय. आई अजून 'बघू'च म्हणतात. मी नव्या जागेत त्यांच्यासाठी उजेडाची खोली धरून ठेवली आहे, दिवसभरासाठी बाईही बघितली आहे. तूही काही बघितलं असशीलच.

मी


७ डिसेंबर

महाशय,

तुझा अहवाल मिळाला. चार पानं. लग्नात तू मला सलग एवढं कधीच लिहिलं नाहीस, एकत्र राहत असल्याने गरज नव्हती असं म्हणशील.

तो मी तीनदा वाचला. मला कळलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांग. इंधन तापतं आणि हवा पुरत नाही, तेव्हा त्याचे रेणू जळण्याऐवजी तुटतात. तुटके तुकडे एकटे राहत नाहीत, जो भेटेल त्याला धरतात. (इथे तुझ्या नव्या शेजारणीबद्दल माझ्या मनात एक वाक्य आलं होतं. लिहीत नाही.) सहा-सहा कार्बनची कडी होते, कडीला कडी लागून पत्रा होतो, पत्र्यावर पत्रा बसून बारीक ठिपका. हा ठिपका जन्मतो तेव्हा मऊ, तेलकट आणि तपकिरी असतो. ज्योतीत वर चढता चढता त्यातला हायड्रोजन उडून जातो, तो कोरडा, काळा, कडक होतो, आणि ठिपक्याला ठिपका चिकटून माळा तयार होतात. शेंड्याला पुरेशी हवा भेटली तर सगळं तिथेच जळून जातं आणि खाली एवढी उलथापालथ झाली होती हे कुणाला कळतही नाही. यावर मी आपल्या लग्नाबद्दल एक वाक्य लिहून खोडलंय. खालून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

आता निकाल. कोणतं इंधन ते नुसत्या काजळीवरून छातीठोक सांगता येत नाही, हे तू कबूल केलंस. याचे तुला मार्क. पण तिन्ही तुकड्यांवरची काजळी एकाच जातीची, कोवळी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली माळा जवळपास नाहीत, तेलकट थेंब पसरावेत तसे डाग आहेत. म्हणजे ज्योतीच्या अगदी बुडाशी, काजळी जन्माला येत होती तिथेच, कुणीतरी थंड चमचा घातला आणि पटकन काढला. आणि पुढे तुझं वाक्य: "मी पाहुण्यांना दाखवायचो तेव्हा चमचा वर, शेंड्याजवळ धरायचो, तिथे तो दिसायला सगळ्यात काळा होतो. बुडाशी धरला तर बघणाऱ्याला मजा नाही. हे दाखवण्यासाठी केलेलं नाही. कुणीतरी काहीतरी तपासतंय."

इथपर्यंत ठीक. मी क्षणभर तुला निर्दोष सोडायच्या बेतात होते. पण मग तुझी शेवटची ओळ. "शेगडीची ज्योत बुडापर्यंत पिवळी आहे म्हणजे तिच्यात हवा नीट जात नाही. आई शेगडीजवळ एकटी असते का?"

हा प्रश्न मी ओळखते. मी स्वतः लोकांना असे प्रश्न विचारते. आवाज काळजीचा, हेतू नोंदीचा. उद्या तू म्हणणार, बघा, हिच्या घरात शेगडी नादुरुस्त, म्हातारी बाई दिवसभर एकटी, दूध उतू जातंय, कोण येतं-जातं हिला पत्ता नाही. म्हणून आई माझ्याकडे. आणि हा सगळा मालमसाला तुला कुणी पुरवला? मीच. पत्रं लिहून. विम्याच्या ऑफिसात अशा अशिलाला आम्ही दाराबाहेर गेल्यावर हसतो.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकते आहे. दुपारी घरी जाऊन जो कोणी असेल त्याला रंगेहाथ पकडणार. तू असलास तर भेटूच.

मी


१२ डिसेंबर

महाशय,

चौकशी पूर्ण झाली. तू आला नव्हतास. दिलगीर आहे.

शेगडीवाला येऊन गेला. उतू गेलेलं दूध बर्नरच्या नळीत वाळून बसलं होतं, त्याने हवा अडली होती. साफ केली. ज्योत निळी आहे.

आई बऱ्या आहेत. डिसेंबरअखेर त्यांनी निर्णय सांगायचा होता, त्याची आत्ता घाई नको. घराच्या विक्रीचीही घाई नको, दलालाशी मी बोलते. प्रकरण बंद समजावं.

मी


२१ डिसेंबर

तुला,

'महाशय' आज राहू दे.

तुझं पत्र आलं. "तू मला एका ओळीत निर्दोष सोडलंस आणि दिलगिरीही व्यक्त केलीस. तुला मी ओळखतो. काय लपवते आहेस?" चिडले आधी. मग म्हटलं, माझ्याबरोबर राहून कुणाला काही शिकता आलं असेल तर ते एवढंच.

लपवत होते. आईंना शब्द दिला होता. तो आता मोडते आहे, आणि का मोडते आहे ते शेवटी कळेल.

गुरुवारी दुपारी घरी आले. किल्ली हळूच फिरवली. आतून पुरुषाचा आवाज. भारदस्त, संथ, प्रत्येक शब्द सुटा. "शहराच्या पूर्व भागातील नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. शनिवारी दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मला वाटलं, रेल्वे स्टेशनात शिरले.

तसंच होतं जवळजवळ. बाहेरच्या खोलीत टोपीवाले काका बसले होते, चष्मा नाकावर, हातात आपला पेपर. मला बघून उठले आणि पेपर पाठीमागे लपवला. ते निवृत्त आहेत, जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. पलीकडच्या गल्लीत राहतात. आईंना रोज दुपारी पेपर वाचून दाखवतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधल्या जाहिरातींसकट. म्हणजे संध्याकाळी मी घरी आले की आईंना माझ्याशी भांडता यावं. मला कळू नये की त्यांनी कित्येक महिन्यांत पेपर वाचलेला नाही.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून त्यांना बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

आई चहा ठेवत होत्या. शेगडी पेटवली. मग चमचा घेतला, बर्नरवरच्या जाळीला टेकवून ज्योतीत सरकवला आणि लगेच काढला. गार होऊ दिला. मग अंगठ्याने त्याची पाठ चोळली आणि अंगठा तर्जनीवर घासून पाहिला, कापडाचा पोत बघतात तसा. "मेली अजून पिवळीच जळतेय," असं पुटपुटल्या. ती बाजू बंद केली, शेगडीची दुसरी बाजू पेटवली, पुन्हा चमचा. मी तीन हातांवर, तोंडासमोर उभी. त्या माझ्याकडेच तोंड करून होत्या.

तिथून खोलीकडे निघाल्या. डावा हात भिंतीला. बटण, चौकट, न्हाणीघराचं दार, पुन्हा भिंत. जिथे जिथे बोट टेकलं तिथे तिथे तो डाग पडला, ज्याच्यासाठी मी तुला महिनाभर पिंजऱ्यात उभा केला होता. खुंटीवरच्या कोटाला वळसा घालावा तशा त्या मला वळसा घालून गेल्या. दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या.

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीस वाटतं," म्हणाल्या. "ते हाताला लावायचं क्रीम बदल गं. लांबून वास येतो."

मी हात नाकाशी नेऊन हुंगला. तुला विश्वास बसणार नाही, पण खरंच.

"आत ये. दारात उभी राहून माझी झडती कशाला घेतेस."

डॉक्टरकडे जाऊन आल्यात. काकांनी नेलं. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेने थोडा धूसर उजेड येतो. ऑपरेशनने परत येणारं हे नाही. मी चिठ्ठी वाचली, दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनाही भेटले, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना. तुला पुन्हा खात्री करून घ्यायची असेल तर चौथे शोध, पण निकाल तोच येणार. ज्योत पेटली हे त्यांना आवाजाने आणि उबेने कळतं. रंग कळत नाही.

"चमच्याचं कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुझ्या नवऱ्याने. कॉलेजात होता तेव्हा माझे सगळे चमचे काळे करून ठेवायचा. मी ओरडायचे. निळी जळली तर हाताला काही लागत नाही, पिवळी जळली तर बुळबुळीत लागतं. डोळे कशाला हवेत त्याला?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं की फाईल उघडते."

"आणि त्याला?"

"त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला असता. मोठ्या हॉस्पिटलशेजारी ठेवलं असतं. तू नव्या जागेत नेलं असतंस, उजेडाची खोली देणार होतीस म्हणे." इथे त्या हसल्या. "दोघंही प्रेमानेच करणार, मला माहीत नाही का? पण तिथे काय किंवा तिथे काय, मी आंधळी होईन. इथे मला फक्त दिसत नाही."

काका बाहेरून म्हणाले, "मी निघू का?"

"बसा हो," आई म्हणाल्या. "क्रीडा पान राहिलंय."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळवायचं नाही. कळलं तर तू ऐकणार नाहीस, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पोरगा एवढा वाईट नाही. असं मी तुझ्याबद्दल बोलले, साक्षीला काका आहेत. पण वचन दिलं आणि तुला ते बारा तारखेचं, सरकारी खात्यासारखं पत्र लिहिलं.

आता ते का मोडते आहे. कारण या फ्लॅटवर दोन नावं आहेत. मी दलालाला नकार कळवला, नवी जागा सोडून दिली, पण तुझं नाव मला एकटीने खोडता येत नाही. तू तुझा हिस्सा विकायला निघालास तर मी तुला अडवू शकत नाही. आणि खरं कारण लपवून तुला अडवायचं म्हटलं तर मला तुझ्याशी पुन्हा खोटं बोलावं लागेल, पुढची कित्येक वर्षं. पूर्वी ते मला जमत होतं. आता कंटाळा येतो.

मला हा फ्लॅट आवडत नाही हे तुला माहीत आहे. इथली एकेक भिंत आपल्या एकेका भांडणाची आहे. त्या दिवाणखान्यातल्या खिडकीशी तू शेवटचं काय बोललास ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मला इथून जायचं होतं. पण आईंना याच भिंती हाताने पाठ आहेत. न्हाणीघराच्या दाराची कडी कुठे लागते, कपाटाचा कोपरा कुठे पुढे आलाय, उंबऱ्याची फरशी कुठे उचललेली आहे. त्या पाठांतरावर त्या उभ्या आहेत. ते आपण जानेवारीत विकायला काढलं होतं, दोघांनी मिळून, अगदी समजुतीने.

म्हणून विचारते. विकू नकोस. आई इथेच राहू दे, मी त्यांच्याबरोबर राहते. तुझा हिस्सा तुझाच, मला त्यातलं काही नको. बदल्यात तू ये. महिन्यातून एकदा, दोनदा, जसं जमेल तसं. बाहेरच्या खोलीत झोप. माझ्याशी बोलायची सक्ती नाही.

शेगडी मी आता रोज सकाळी निघायच्या आधी बघते. तरी त्या चमचा घालतातच. माझ्या बघण्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि या बाबतीत मी त्यांच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

आता यायचं कसं, ते नीट वाच, कारण तू गडबड करशील. त्यांना संशय आला की मी सांगितलं, तर त्या मला माफ करणार नाहीत, आणि त्यांचा संशय माझ्यापेक्षा वरचढ आहे. तेव्हा आल्या आल्या त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवून बघू नकोस. मी हलवून पाहिला. "वारा कशाला घालतेस," म्हणाल्या. त्यांचा हात धरून चालवू नकोस. वस्तू जागेवरून हलवू नकोस, तुझी पिशवी पॅसेजमध्ये तर मुळीच टाकू नकोस. डोळ्यांचा विषय काढू नकोस, हॉस्पिटलचा काढू नकोस, आणि कृपा करून हुंदका वगैरे देऊ नकोस. तू कुणाच्या रडण्याने हलत नाहीस, तसाच राहा.

आणि दारात उभा राहून "आई, मी आलो" असं म्हणू नकोस. तू आयुष्यात कधी तसं म्हणाला नाहीस. त्यांना लगेच कळेल. नेहमीसारखा टाच घासत, न बोलता आत ये. त्या खुर्चीतून मान वर करतील आणि म्हणतील, "आलास?" ते त्यांना म्हणू दे. मग तुझ्याकडे तोंड करून, नीट निरखून बघितल्यासारखं करून, म्हणतील, "किती वाळलायस रे."

कितीही सुटला असलास तरी हो म्हण.

मी